स्पीकरशेजारची खुर्ची

दादा,

रविवारी तुझ्या शोकसभेत मला पुन्हा स्पीकरच्या खोक्याशेजारी बसवलं. सोसायटीचा तोच हॉल, हार घातलेला तुझा फोटो, समोर सतरंज्या, वयस्कर मंडळींसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि पहिल्या रांगेच्या टोकाला, काळ्या खोक्याला अगदी चिकटून माझी खुर्ची. आपल्या चेअरमन शाहअंकलनी ती स्वतःच्या रुमालाने पुसली आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, "बेन, इधर बैठो, बराबर सुनाई देगा." मी बसले. अठ्ठावीस वर्षं बसतेय तशीच, गणपतीत, सत्यनारायणाला, सव्वीस जानेवारीला. माणसं चांगली आहेत. त्यांच्या चांगुलपणाने माझं डोकं फुटायची वेळ येते, पण त्यात त्यांचा दोष नाही. दोष तुझा आहे. तू गेलास म्हणून मी तो माफ केला असं समजू नकोस.

मला ऐकू येतं हे तुला माहीत होतं. जरा जास्तच येतं. खालच्या डेअरीतल्या फ्रीजची घरघर मला पहिल्या मजल्यावर ऐकू येते. ट्यूबलाइट बिघडायच्या आधी चार दिवस तिचा आवाज बदलतो तो मला कळतो. आणि अख्ख्या सोसायटीत मी 'सेक्रेटरींची ती कमी ऐकू येणारी बहीण', कारण तू तसं सांगून ठेवलंस.

ज्या दिवशी सांगितलंस तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. गिरगावची खोली सोडून आपण शांती नगरात आलो त्याला महिनाही झाला नव्हता. मी दहा वर्षांची, तू सोळाचा. खाली पाण्याचा टँकर आला होता. त्याची मोटर सुरू झाली तशी मी जिन्याच्या पायरीवर कान दाबून बसले आणि पुढेमागे डोलायला लागले. पोरांनी गोल केला. एक जण घरातून स्टीलचं ताट घेऊन आला आणि माझ्या डोक्याशी चमच्याने बडवायला लागला, ही काय करते ते बघायला. तू क्लासवरून आलास. तुला मारामारी येत नव्हती, येत होतं ते बोलणं. तू त्याला अगदी शांतपणे म्हणालास, "तिच्या कानांचं ऑपरेशन झालंय. ऐकू येत नाही तिला. तुझ्या बहिणीचं झालं असतं तर वाजवलं असतंस?" त्याने ताट पाठीमागे लपवलं. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने मला संत्र्याच्या गोळ्या आणून दिल्या.

त्या दिवशी तू मला वाचवलंस. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं लिहिताना हात आखडणार नाही.

घरी तू आईला सांगितलंस, तर तिने कणीक मळता मळता एवढंच म्हटलं की लोकांना काहीतरी कारण लागतंच, हे बरं आहे. माझ्यात काय आहे ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ते कारण आपल्या घरात राहायला आलं आणि आई-बाबा गेल्यावरही गेलं नाही. हाक मारल्यावर मी बघत नाही? कमी ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघते? बिचारीला ऐकू येत नाही. लग्नाच्या पंगतीतून मध्येच उठून जिन्यात जाऊन बसते? मशीनमध्ये खरखर होत असेल.

हो, मशीन. ते मोरेकाकूंनी दिलं. समोरच्या दारातल्या मोरेकाकू. काका गेल्यावर त्यांचं कानाचं यंत्र, खिशात ठेवायची डबी आणि वायर लावलेलं बोंड, त्यांनी कापसात गुंडाळून आणून दिलं. देताना रडल्या. काकांची वस्तू कुणाच्या तरी उपयोगी पडतेय म्हणाल्या. आता ते परत कसं करायचं? तू रात्रीत तोड काढलीस. सेल काढून टाकलास आणि मला म्हणालास, नुसतं घाल. मी घातलं, आणि खरं सांगू का, मला ते आवडलं. कानात बोळा बसला की जग जरा लांब जायचं. बहिरेपणाच्या त्या यंत्राने मला थोडंसं बहिरं केलं, आणि माझ्या नशिबातली ती सगळ्यात मोठी सोय ठरली.

सोयी होत्याच, मी नाही म्हणत नाही. भाईंदर पूर्वेच्या त्या गाळ्यात इलेक्ट्रिक पॅनलची ड्रॉइंग काढायची नोकरी तू लावून दिलीस तीही 'ऐकू कमी येतं, पण हात सोन्याचा आहे' असं सांगून. त्यामुळे मालक मला सगळं चिठ्ठीवर लिहून देतात. शेजारच्या गाळ्यात दिवसभर पत्रा ठोकतात तेव्हा मी यंत्र कानात घालून बसते आणि कुणी काही विचारत नाही. पण पंधरा वर्षांत एकदाही मला गिऱ्हाइकासमोर बसवलं नाही. माझी ड्रॉइंग घेऊन दुसरेच जातात आणि गिऱ्हाइकाने दाखवलेली चूक अर्धीच समजून घेऊन येतात. बहिरीला मीटिंगला कशाला न्यायचं? बरोबरच आहे त्यांचं.

मग तीन वर्षांपूर्वी डॉक्टरबाईंनी कागदावर 'ऑटिझम स्पेक्ट्रम' असं लिहून दिलं. मी पस्तीस वर्षांची होते. मी रडेन म्हणून तू रुमाल हातात धरून बसला होतास आणि मी हसत होते. माझ्याबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं होतं. तू तो कागद दोनदा वाचलास, घडी घातलीस आणि शर्टाच्या खिशात ठेवलास. स्वतःच्या. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. कागद माझा होता.

त्यानंतर आपल्या दोघांची भांडणं सुरू झाली, दर रविवारी, चौथ्या मजल्यावर तुझ्या घरी, वहिनीच्या जेवणाच्या टेबलावर. मला लोकांना सांगायचं होतं. तुला, 'सांगायचंच असेल तर काय म्हणून सांगायचं' हे आधी ठरवायचं होतं. मराठी शब्द तू शोधून आणलास, स्वमग्न. छान आहे म्हणालास, ध्यानाला बसल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, मला तर आरशासमोर तासभर वेणी घालत बसलेली बाई डोळ्यांसमोर येते. स्वतःत मग्न व्हायला मला कधी जमलंय? मी ट्यूबलाइटमध्ये मग्न असते. मग तुला कुठूनतरी अ‍ॅस्पर्जर सापडलं. हे सांगू, हे हुशार लोकांना असतं, इज्जत राहते. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की आता तसं लिहीत नाहीत. पण माझी हरकत तेवढ्यासाठी नव्हती. ज्या मुलांना बोलता येत नाही ती खालची आणि आपण वरचे, असंच सांगायचं होतं ना तुला? 'स्पेक्ट्रमवर आहे' हे वहिनीने सुचवलं. ते मला घोडबंदर रोडवर आहे म्हटल्यासारखं वाटलं, नक्की कुठे ते कळू न देता.

शेवटी दोन उरले. तुझं 'हिला ऑटिझम आहे' आणि माझं 'मी ऑटिस्टिक आहे'. तुला तुझं आवडायचं कारण त्यात आशा होती, ताप आहे, उतरेल, तसं. मी म्हटलं, उतरला तर खाली कोण उरेल? तू म्हणालास, "आणि तुझ्या वाक्यात तू कुठे उरतेस? लोकांना फक्त तेच दिसेल. आज निदान माझी बहीण दिसते."

हे मात्र बरोबर बोललास, दादा. याचं उत्तर मी अजून शोधतेय.

पण तू दर वेळी एवढं बरोबर बोलत नव्हतास. एकदा, वहिनी आत गेल्यावर, खरं तोंडातून निघून गेलं तुझ्या. "मी सेक्रेटरी आहे गं. मोरेकाकूंना काय सांगू, काकांचं यंत्र मी खोटं सांगून घेतलं? शाहअंकलना काय सांगू?" म्हणजे तीन वर्षं आपण माझ्या नावावर भांडत होतो आणि प्रश्न तुझ्या नावाचा होता. हे पहिल्याच रविवारी बोलला असतास तर मला कळलं असतं. मला तसं सरळ सांगितलेलं लगेच कळतं, एवढं तर तुला माहीत होतं.

आणि मग उत्तन. दर मे महिन्यासारखे आपण वर्षाचे सुके बोंबील आणि सोडे आणायला तुझ्या स्कूटरवरून तिथल्या कोळीवाड्यात गेलो. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, दुपारचे बारा वाजले होते, गिऱ्हाइकांची झुंबड. मार्थामावशी, जिच्याकडून आई घ्यायची आणि आता आपण घेतो, मला बघून नेहमीसारखी कानाशी येऊन ओरडली, बोंबील किती देव म्हणून. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवलं नव्हतं. "मावशी, मला ऐकू येतं. मी ऑटिस्टिक आहे."

"म्हंजी काय हाय?" तिने विचारलं. तुझ्या टेबलावर तीन वर्षं ज्यावर घोळ चालला होता त्यावर तिला फक्त एवढंच विचारायचं होतं. मी सांगितलं की आवाज, गर्दी, वास, सगळं एकदम अंगावर येतं, आणि डोळ्यांत बघून बोलता येत नाही. तिने बोंबलांची जुडी बांधता बांधता थोडा विचार केला. "मंग अशी भर दुपारची कशाला येतंस? सकालीस ये. तवा इथं कोन न्हाय."

मला तिथे बसून रडावंसं वाटलं, इतकं ते सोपं होतं. आणि तू हसलास. माझ्या खांद्यावर हात टाकलास, जो मला सहन होत नाही हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि म्हणालास, "गंमत करतेय ती, मावशी. मनावर घेऊ नका."

आपण परत आलो. जिन्यात मी म्हटलं, आजपासून माझ्यासाठी बोलू नकोस. तू पिशवी माझ्या दाराशी ठेवलीस. "बरं. मग बोल तूच." आणि वर गेलास.

त्यानंतर अकरा दिवस. रोज सकाळी तुझा मेसेज, दूध आणू का. मी उत्तर दिलं नाही, तरी दूध दाराशी असायचं. शेवटच्या संध्याकाळी तू लिहिलंस, 'उद्या वर जेवायला ये. भाषण नाही देणार.' तो मी वाचला. उत्तर उद्या देऊ म्हटलं. मला राग लवकर येत नाही आणि आला की लवकर जात नाही, त्याला मी काय करू? तुझ्या छातीला एवढी घाई असेल हे कुणाला माहीत होतं?

तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी वरती घर माणसांनी भरलं होतं. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कान झाकून उभी होते. चहापाणी, रडणं, मोबाइल, सगळं एकदम. वहिनीला कुणासाठी तरी पातळ पेज करायची होती. मिक्सर लावण्याआधी तिने ओट्यावर दोनदा टकटक केलं. तसं तू करायचास, मला कान बंद करायला वेळ मिळावा म्हणून, लहानपणापासून. वहिनीने ते तुझं बघून उचललं होतं. एवढ्या गर्दीत, नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिला ते आठवलं. तेव्हा मी रडले, दादा. त्याआधी नाही. तुला सगळं कळत होतं. टकटक करणाऱ्याला सगळं कळत होतं आणि तरी उत्तनला तू हसलास, हेच मला गिळता येत नाही.

शाहअंकल निरोप घेऊन आले की सभेत बहिणीनेही दोन शब्द बोलावेत. मी वहिनीला सांगितलं की मी खरं सांगणार आहे, कारण ही सगळी माणसं पुन्हा अशी एकत्र भेटणार नाहीत. ती बराच वेळ तुझ्या शर्टांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, सांग. फक्त त्याला खोटारडा म्हणू नकोस.

ती अट मला फार जड गेली. माझं खरं सांगायचं तर तुझं खोटं उघडं पडणारच. तेही तुझ्या फोटोसमोर, ज्या माणसांनी तुला खांदा दिला त्यांच्यासमोर. घरी कागदावर मी सगळे शब्द लिहिले आणि एकेक खोडत बसले. शेवटी माझाच उरला, पण त्याच्याखाली मी मार्थामावशीला सांगितलेलं लिहून ठेवलं. शब्द फेकून निघून जाता येत नाही, एवढं मला तिच्याकडून कळलं होतं.

सभेत सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. गळकी टाकी, लिफ्ट, लॉकडाऊनमधली औषधं. खोक्यातून प्रत्येक शब्द माझ्या कवटीवर आपटत होता. शाहअंकल म्हणाले, बहन के लिए तो वो राम जैसा था. मग त्यांनी माईक माझ्या हातात दिला आणि खूण केली, जोरात बोल.

मी तो बाजूला ठेवला. कागदाकडे बघून म्हटलं, "मला ऐकू येतं. पहिल्यापासून नीट ऐकू येतं. मी ऑटिस्टिक आहे. मोठा आवाज आणि गर्दी मला सहन होत नाही. मी तुमच्याकडे न बघता बोलते तो तुमचा अपमान नसतो. आणि ही खुर्ची, प्लीज, पुढच्या वेळी मागे दाराजवळ ठेवा."

मागे दोन बायका कुजबुजल्या, भाऊ गेल्याचा धक्का बसलाय गं तिला. ते मला ऐकू आलं हे सांगायला नकोच. शाहअंकल खोक्याकडे बघत होते, मग खुर्चीकडे, मग स्वतःच्या रुमालाकडे. आणि मोरेकाकू उठून उभ्या राहिल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. "मग त्याने असं का सांगितलं गं?"

सगळ्या माना तुझ्या फोटोकडे वळल्या. सहा वर्षांपूर्वीच्या पिकनिकचा फोटो, तू हसतोयस, तेच हसू.

मी म्हटलं, "पोरं मला त्रास देत होती, काकू. तो सोळा वर्षांचा होता. तेव्हा त्याला दुसरा शब्द कुणी सांगितला नव्हता."

खरं आहे ते. अर्धं. गेल्या तीन वर्षांचं मी बोलले नाही. कागद खिशात घातलास ते नाही, उत्तन नाही. वहिनी खाली मान घालून बसली होती, आणि मी लोकांना झेपेल, तुझी इज्जत राहील असं कारण शोधून सांगितलं. तुझ्यासाठी मी बोलले, तुला न विचारता. तू जे अठ्ठावीस वर्षं केलंस ते मी एका मिनिटात शिकले, आणि मला ते करताना बरंही वाटलं. याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग आलाय. उरलेलं अर्धं इथे, तुला एकट्याला सांगतेय.

काल सकाळी दार वाजलं. इतकं हळू की दुसऱ्या कुणाला ऐकूच गेलं नसतं. मोरेकाकू होत्या. माझ्याकडे न बघता, माझ्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभ्या. मी यंत्र कापसात गुंडाळून तयारच ठेवलं होतं, ते पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. ओठ हलले, पण शब्द माझ्यापर्यंत पोचले नाहीत.

आणि मला म्हणावं लागलं, "काकू, जरा मोठ्याने बोला. ऐकू नाही आलं."

त्या दचकल्या. मग पदर तोंडाला लावून हसल्या की रडल्या ते मला नीट कळलं नाही, ते मला कळत नाहीच. पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्याने. तुझ्या उपयोगी पडत असेल तर ठेव, म्हणाल्या, सेल नको घालूस.

एवढंच होतं, दादा. सभेनंतर शाहअंकलनी खुर्ची स्वतः मागे दाराजवळ नेऊन ठेवली, यंत्र माझ्याकडे राहिलं, आणि आकाश कुठेच कोसळलं नाही. हे तुला बघायला मिळायला हवं होतं. वर जेवायला येऊन मी तुला सांगितलं असतं, आणि तू भाषण दिलं नसतंस. तुझा मेसेज अजून तसाच आहे, उत्तर न दिलेला. येते, असं लिहायचं होतं.